एका गुन्ह्याची दुसरी शिक्षा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



एखादा माणूस शिक्षा भोगून गावी परतला की चार दिवस कुजबुज होते आणि मग ‘केले तसे भोगले’ एवढे म्हणून गाव तो विषय संपवते. या साध्या उद्गारात न्यायाचे एक मोठे तत्त्व सामावलेले आहे. गुन्ह्याला शिक्षा असावी, ती गुन्ह्याच्या मानाने असावी आणि भोगून झाली की संपावी, हे ते तत्त्व होय.

अमेरिकेत नागरिक नसलेल्या माणसाच्या बाबतीत मात्र हे तत्त्व लागू पडत नाही. दोन कामगारांनी एकाच दुकानात सारखीच चोरी केली, असे समजू. दोघांना एकेक वर्षाची शिक्षा होते आणि पहिलाच गुन्हा म्हणून ती स्थगित ठेवली जाते. तुरुंगाचा उंबरठा दोघांपैकी कोणीच ओलांडत नाही. जो त्या देशात जन्मला तो घरी जातो. दुसरा तिसऱ्या वर्षी आईच्या कडेवर बसून तेथे आलेला, तेथेच शिकलेला, तेथेच संसार मांडलेला. कायम वास्तव्याचा परवाना, म्हणजे ज्याला सर्वजण ग्रीन कार्ड म्हणून ओळखतात तो, त्याच्याजवळ आहे. परंतु नागरिकत्वाचा अर्ज करावयाचा राहून गेला आहे. त्याच्यावर हद्दपारीची कारवाई सुरू होते. ज्या न्यायाधीशापुढे तो उभा राहतो त्याला या माणसाचे सारे आयुष्य तोलून ‘याला राहू द्या’ असे म्हणण्याचा अधिकारच कायद्याने ठेवलेला नसतो. शिक्षा ३६५ ऐवजी ३६४ दिवसांची असती, तर तो अधिकार शिल्लक राहिला असता. एका दिवसाच्या फरकाने एका कुटुंबाचे भवितव्य ठरते. हा फरक कोठून आला आणि तो कोणाच्या सोयीचा आहे, हे पाहणे आवश्यक आहे.

दयेच्या दोन वाटा

बाहेरच्या देशात शिक्षा झालेल्या गुन्हेगारांना अमेरिकेत शिरू न देण्याचा कायदा १८७५ सालचा आहे. आत येऊन राहिलेल्या माणसाने मागाहून केलेल्या गुन्ह्याबद्दल त्याला बाहेर काढण्याची व्यापक तरतूद मात्र १९१७ साली आली. या दोहोंच्या दरम्यान, १८९३ साली, चिनी मजुरांच्या प्रकरणात तेथील सर्वोच्च न्यायालयाने दिलेला निर्णय पुढील सर्व इमारतीचा पाया ठरला. हद्दपारी ही गुन्ह्याची शिक्षा नव्हेच, असे बहुमताने ठरवण्यात आले. मुख्य न्यायमूर्ती फुलर, न्यायमूर्ती फील्ड आणि न्यायमूर्ती ब्रूअर यांनी विरोधी मत नोंदवले. परंतु कायदा बहुमताचा झाला. जी गोष्ट शिक्षाच नव्हे, तिच्या बाबतीत आरोपीला मिळणारी संरक्षणेही लागू होत नाहीत. सरकारी खर्चाने वकील नाही, ज्यूरी नाही, मागाहून केलेला कायदा मागच्या कृत्याला लावू नये असे बंधन नाही. संसार मोडला, मुले दुरावली, आयुष्याची कमाई पाण्यात गेली, तरी कायद्याच्या कोशात त्याला शिक्षा म्हणावयाचे नाही.

असे असूनही १९१७ च्या कायद्यात विवेकाला जागा होती. प्रवेशानंतर पाच वर्षांच्या आत ‘नैतिक अधःपतनाचा’ गुन्हा केला आणि त्याबद्दल एक वर्ष किंवा अधिक शिक्षा झाली, किंवा असा गुन्हा एकाहून अधिक वेळा घडला, तर हद्दपारी होत असे. परंतु शिक्षा देणाऱ्या न्यायाधीशाने तीस दिवसांच्या आत ‘या माणसाला हद्दपार करू नये’ अशी शिफारस केली, तर ती सरकारवर बंधनकारक असे. ज्याने साक्षीपुरावा पाहिला, आरोपीची मुद्रा पाहिली, त्याच्याच हाती हा निर्णय होता. ही पहिली वाट. दुसरी वाट अशी की, सात वर्षे सलग अमेरिकेत घर करून राहिलेला माणूस काही काळ बाहेर जाऊन परतला, तर गुन्ह्याचा डाग असूनही त्याला आत घेण्याचा अधिकार त्या वेळच्या मजूरमंत्र्यांना होता. १९५२ च्या कायद्यात ही तरतूद कलम २१२ (सी) म्हणून आली. जो परदेशी जाऊन आला त्याला सवलत आणि जो कधी बाहेर गेलाच नाही त्याला ती नाही, हा भेद विवेकशून्य आहे असे न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाने १९७६ साली ठरवले, आणि ही वाट सर्वच कायम रहिवाशांना खुली झाली.

या वाटेवर न्यायाधीशाने काय पाहावे, याची कसोटीही १९७८ पासून ठरलेली होती. एका पारड्यात गुन्ह्याचे स्वरूप, त्याची पुनरावृत्ती, माणसाचे वर्तन. दुसऱ्या पारड्यात त्याची तेथील वर्षे, तो कोणत्या वयात आला, बायकामुले, कामधंदा, लष्करातील नोकरी, सुधारणेची चिन्हे. १९८९ ते १९९५ या काळात दहा हजारांहून अधिक माणसांना ही सवलत मिळाली. ज्या अर्जांवर अंतिम निर्णय झाला त्यांपैकी निम्म्याहून थोडे अधिक मंजूर झाले. याचा अर्थ असा की, न्यायाधीश डोळे मिटून दया वाटत नव्हते. जवळजवळ निम्मे अर्ज ते नाकारतही होते. ते फक्त तोलून पाहत होते.

वाटा कशा बुजवल्या गेल्या

१९८८ साली अमली पदार्थविरोधी कायद्यात ‘अ‍ॅग्रव्हेटेड फेलनी’, म्हणजे उग्र स्वरूपाचा गुन्हा, ही नवी संज्ञा आली. तेव्हा तिच्यात खून, अमली पदार्थांचा व्यापार आणि शस्त्रांचा चोरटा व्यापार एवढेच होते. त्याला कोण हरकत घेणार? परंतु संज्ञा हे एक भांडे असते. एकदा घडवले की त्यात पुढे काय भरावयाचे हे सत्ताधाऱ्यांच्या हाती राहते. १९९० साली शिफारशीची पहिली वाट बंद झाली. १९९५ साली ओक्लाहोमा शहरात सरकारी इमारत बॉम्बस्फोटाने उडवण्यात आली. तो घातपात अमेरिकेतच जन्मलेल्या नागरिकाने केला होता. पण त्यानंतर २४ एप्रिल १९९६ रोजी झालेल्या दहशतवादविरोधी कायद्याने परक्या नागरिकांची २१२ (सी) ची सवलत मोठ्या प्रमाणावर काढून घेतली. त्याच वर्षी ३० सप्टेंबरला दुसरा कायदा झाला आणि हे कलमच रद्द झाले.

या दुसऱ्या कायद्याने उग्र गुन्ह्याचे भांडे काठोकाठ भरले. चोरी किंवा मारहाण उग्र ठरण्यासाठी पूर्वी पाच वर्षांची शिक्षा लागे. ती मर्यादा एका वर्षावर आली. फसवणुकीची रक्कम २ लाख डॉलरवरून १० हजारांवर आली. शिक्षा स्थगित ठेवली तरी ती भोगल्याप्रमाणेच धरावी, असे ठरले. आरोपीने गुन्हा कबूल केला आणि न्यायाधीशाने त्याच्यावर काही निर्बंध घातले, तर दोषी ठरवण्याचा हुकूम राखून ठेवला असला तरीही तो दोषीच समजावा, असे ठरले. एवढ्यावर न थांबता ही नवी व्याख्या जुन्या गुन्ह्यांनाही लावण्यात आली. ज्यांनी वीस वर्षांपूर्वी किरकोळ शिक्षा भोगून संसार थाटले होते, त्यांची जुनी प्रकरणे उकरून निघाली. १९९६ पूर्वी सवलतीच्या भरवशावर ज्यांनी गुन्हा कबूल केला होता त्यांच्या तोंडचा घास काढून घेता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली पाच विरुद्ध चार मतांनी सांगितले. बाकीचे तसेच राहिले.

आज कायम रहिवाशाला हद्दपारी रद्द करून हवी असेल, तर तीन अटी आहेत. ग्रीन कार्ड मिळून पाच वर्षे झालेली असावीत. कोणत्याही परवान्यावर रीतसर प्रवेश घेतल्यापासून सात वर्षे सलग वास्तव्य असावे. आणि उग्र गुन्ह्याची शिक्षा झालेली नसावी. यांपैकी तिसरी अट मोडली की पुढे बोलणेच खुंटते. सात वर्षांच्या मोजणीतही एक मेख आहे. विशिष्ट प्रकारचा गुन्हा ज्या दिवशी घडला त्याच दिवशी घड्याळ थांबते. पुढे वीस वर्षे सचोटीने काढली तरी ती हिशेबात येत नाहीत. जमेकातून लहानपणी आलेल्या एका रहिवाशाने सात वर्षे पुरी होण्यास काही महिने उरले असता गुन्हा केला होता. सरकारने त्याला ज्या गुन्ह्यांबद्दल बाहेर काढावयाचे ठरवले ते निराळेच होते. तरीही जुन्या गुन्ह्याने घड्याळ थांबले असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले.

महाराष्ट्रातून नोकरीसाठी गेलेल्या तरुणांना या अटी परक्या वाटण्याचे कारण नाही. त्यांची कामाच्या परवान्यावरील वर्षे सातांच्या मोजणीत धरली जातात; परंतु ग्रीन कार्डासाठी भारतीयांची रांग लांबलचक असल्यामुळे पाचांची मोजणी सुरूच होत नाही. आपण शिकलेसवरलेले आहोत, हा कायदा दुसऱ्यांसाठी आहे, असे मानणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

एक गोळी, दीड ग्रॅमही नाही असा गांजा

कायद्याच्या व्याख्या किती ताणल्या जातात, याची दोन उदाहरणे पुरेशी आहेत. टेक्ससमधील एक माणूस पाच वर्षांचा असताना मेक्सिकोहून आलेला. थोडासा गांजा बाळगल्याबद्दल त्याला २० दिवसांची आणि पुढे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय झोपेच्या-चिंतेच्या औषधाची एक गोळी बाळगल्याबद्दल १० दिवसांची कैद झाली. दोन वेळा घडले म्हणून हा उग्र गुन्हा, असे सरकारचे म्हणणे होते. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ते फेटाळले. दुसरा माणूस तीन वर्षांचा असताना जमेकातून आलेला. त्याच्या मोटारीत १.३ ग्रॅम गांजा सापडला. दोन-तीन सिगारेटी होतील एवढा. त्यालाही सरकारने व्यापाराचा उग्र गुन्हा म्हटले. २०१३ साली न्यायमूर्ती सोटोमायोर यांनी लिहिलेल्या निकालाने, सात विरुद्ध दोन मतांनी, तेही अमान्य झाले.

हे निकाल स्वागतार्ह आहेत. परंतु त्यांनी दिले काय, हे नीट पाहिले पाहिजे. या माणसांना राहण्याचा हक्क मिळाला नाही. केवळ अर्ज करण्याचा हक्क मिळाला. एका गोळीबद्दल माणसाला सर्वोच्च न्यायालयापर्यंत झगडावे लागावे, तेही ‘माझे म्हणणे ऐका’ एवढ्यासाठी, यातच व्यवस्थेचे स्वरूप उघड होते. हे झगडणेही ज्याला वकील मिळाला त्यालाच शक्य होते. हद्दपारीच्या कारवाईत वकील देण्याची मुभा आहे, पण सरकारला त्याचा खर्च पडता कामा नये, असे कायदाच सांगतो. समोरचा न्यायाधीशही स्वतंत्र न्यायसंस्थेचा नसतो. तो न्याय खात्याचा नोकर असतो.

खरा निर्णय त्याच्याही आधी, फौजदारी न्यायालयाच्या व्हरांड्यात होऊन गेलेला असतो. अमेरिकेतील फौजदारी शिक्षांपैकी सुमारे ९५ टक्के शिक्षा खटला चालून नव्हे, तर कबुलीच्या सौद्याने होतात. सरकारी वकील म्हणतो, कबूल कर, आजच घरी जाशील. जामिनाला पैसे नाहीत, नोकरी जाण्याची भीती आहे, असा गरीब माणूस सही करतो. त्या सहीने देश गमावला, हे त्याला पुढे कळते. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकेच्या बाजूने लढलेल्या, ४० वर्षे कायम रहिवासी असलेल्या एका मालमोटार चालकाला त्याच्या वकिलाने ‘काळजी करू नकोस’ असे सांगितले होते. हा सल्ला साफ चुकीचा होता. केंटकी राज्यातून आलेल्या या प्रकरणात २०१० साली न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांच्या निकालाने एवढे ठरले की, कबुलीमुळे हद्दपारी ओढवू शकते हे सांगणे वकिलाचे कर्तव्य आहे. १८९३ पासून ‘शिक्षा नव्हे’ म्हणून दूर ठेवलेली गोष्ट शिक्षेशी किती घट्ट बांधलेली आहे, हे न्यायालयाने अखेर मान्य केले.

कागद नसलेला कामगार

ज्यांच्याजवळ परवानाच नाही अशा कामगारांची अवस्था याहून बिकट आहे. त्यांच्यासाठीही सवलत आहे: दहा वर्षांचे वास्तव्य, चांगली वर्तणूक, ठराविक गुन्ह्यांबद्दल शिक्षा नसणे, आणि नागरिक किंवा कायम रहिवासी असलेल्या जोडीदाराला, आईवडिलांना अथवा मुलांना असाधारण हालअपेष्टा होतील हे सिद्ध करणे. या सवलतीला वर्षाला ४,००० ची मर्यादा आहे. परंतु काम मिळवण्यासाठी या कामगाराला बहुधा खोटा क्रमांक द्यावा लागतो, आणि तोच गुन्हा ठरून सवलतीच्या आड येतो.

नेब्रास्का राज्यातील अशा एका कामगाराला सुमारे २५ वर्षांच्या वास्तव्यानंतर, नोकरीसाठी खोटे कार्ड वापरल्याबद्दल, १०० डॉलर दंड झाला. त्या राज्याच्या कलमातील काही प्रकार सवलतीस बाध आणणारे होते, काही नव्हते. त्याला नेमक्या कोणत्या प्रकाराखाली दोषी ठरवले, हे कागदपत्रांवरून स्पष्ट होत नव्हते. अशा संशयाचा फायदा कोणाला? आपल्याकडील कोणीही म्हणेल, आरोपीला. २०२१ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी उलट सांगितले: पुराव्याचा भार कामगाराचा, संशय राहिला तर तो हरला.

१२ मे २००८ रोजी आयोवा राज्यातील पोस्टव्हिल गावी मांसाच्या कारखान्यावर धाड पडून ३८९ कामगार पकडले गेले. त्यांत बहुसंख्य ग्वाटेमालाचे गरीब शेतकरी होते. गुरांच्या प्रदर्शनाच्या मैदानावर न्यायालय भरवून त्यांना दहा-दहाच्या गटांनी उभे करण्यात आले. दुसऱ्याची ओळख चोरल्याच्या आरोपाखाली किमान दोन वर्षे कैद होईल, असा धाक होता. सौम्य कलम कबूल केले तर पाच महिने कैद आणि त्यानंतर हद्दपारीला संमती. सुमारे तीनशे जणांची प्रकरणे पंधरवड्याच्या आत निकालात निघाली. एक वर्ष पुरे होण्यापूर्वीच, ४ मे २००९ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की, तो क्रमांक खरोखरीच्या दुसऱ्या व्यक्तीचा आहे हे आरोपीला ठाऊक होते, असे सिद्ध झाल्याशिवाय तो मोठा आरोप टिकत नाही. ज्या धाकाने सह्या घेतल्या तो धाक पोकळ होता. परंतु तोपर्यंत सह्या झाल्या होत्या आणि माणसे गेली होती.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर यात कोडे काहीच नाही. ज्या कामगाराचे राहणे एका सहीवर अवलंबून आहे तो मजुरी वाढवून मागत नाही, संघटनेत येत नाही, मालकाविरुद्ध साक्ष देत नाही. त्याला आत घेणेही सोयीचे आणि बाहेर टाकता येणेही सोयीचे.

जानेवारी २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने तर आणखी एक पायरी ओलांडली. रीतसर प्रवेश नसलेल्या माणसावर चोरी, दुकानातील उचलेगिरी अशा गुन्ह्याचा नुसता आरोप आला वा त्याला अटक झाली, तरी त्याला सक्तीने स्थानबद्ध करावयाचे. आता शिक्षेचीही वाट पाहावी लागत नाही.

खर्च कोणाच्या माथी?

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. प्रत्येक देशाला धोकादायक परक्यांना बाहेर काढण्याचा अधिकार नाही काय? ज्याचा खून झाला, जिच्यावर अत्याचार झाला, त्यांच्या आप्तांनी काय म्हणावे? अधिकार आहेच. तोलून पाहणारा न्यायाधीश अशा माणसाला बाहेरच काढील; पूर्वीही काढीत होता. प्रश्न त्याच्या हातातून तराजू काढून घेण्याचा आहे. तराजू काढून घेतल्याने खुनी माणूस अधिक लवकर जातो असे नाही. गोळी बाळगणारा आणि खुनी यांच्यातील अंतर तेवढे पुसले जाते.

दुसरे असे की, ज्याला पाचव्या वर्षी आणले, ज्याला तेथील शाळेने, तेथील वस्तीने, तेथील बेकारीने घडवले, तो बिघडला तर ते अपयश कोणाचे? एल साल्वाडोरच्या यादवी युद्धातून पळालेल्या कुटुंबांतील मुलांच्या टोळ्या लॉस एंजेलिसच्या गरीब वस्त्यांत तयार झाल्या. १९९२ साली युद्ध संपल्यानंतर त्यांतील अनेक तरुण हद्दपार होऊन मोडकळीस आलेल्या त्या लहानशा देशात जाऊन पडले. लॉस एंजेलिसमध्ये निपजलेल्या टोळ्यांनी पुढे तो देश पोखरला आणि त्या दहशतीला कंटाळून नवे निर्वासित पुन्हा उत्तरेकडे निघाले. श्रीमंत देशाने श्रमाचा लाभ घेतला आणि सामाजिक मोडतोडीचा खर्च गरीब देशाच्या माथी मारला.

एकाच अपराधाला वर्णपरत्वे निराळी शिक्षा सांगणाऱ्या स्मृती या देशाने पाहिल्या आहेत. जन्मावरून माणसांना गुन्हेगार ठरवणारा १८७१ चा कायदा १९५२ साली रद्द करावा लागला, हेही येथील चळवळीला ठाऊक आहे. कोण कोठे जन्मला यावर शिक्षा दुप्पट व्हावी, ही कल्पना ओळखण्यास येथील कार्यकर्त्याला वेळ लागू नये. मात्र अमेरिकेकडे बोट दाखवून स्वस्थ बसता येणार नाही. परक्या माणसाला देशाबाहेर घालवण्याचा केंद्र सरकारचा अधिकार निरंकुश आहे, असे आपल्याही सर्वोच्च न्यायालयाने १९५५ साली म्हटले आहे. महाराष्ट्र पोलीस कायद्याखाली होणारी तडीपारी गरिबांच्या वस्त्यांत कशी वापरली जाते हे येथे कोणाला सांगावयास नको. तरी तिच्यात आधी म्हणणे मांडण्याची संधी आहे, सरकारकडे अपील आहे आणि मुदत दोन वर्षांपलीकडे जात नाही. अमेरिकेच्या हद्दपारीत एका वर्षाच्या स्थगित शिक्षेपोटी मिळणारे परागंदापण बहुधा जन्माचे असते.

म्हणून मागणी साधी आहे. शिक्षा देणाऱ्या न्यायाधीशाची १९९० साली काढून घेतलेली शिफारस परत द्यावी. गुन्ह्याला कायद्याने कोणतेही नाव दिलेले असो, सुनावणी घेणाऱ्याला माणसाची सारी वर्षे मोजण्याचा अधिकार असावा. ज्याला वकील परवडत नाही त्याला तो सरकारने द्यावा. यांत कोणाला मोकळे सोडा असे म्हटलेले नाही. ‘केले तसे भोगले’ असे जे अडाणी समजले जाणारे गाव म्हणू शकते, ते म्हणण्याची मुभा न्यायाधीशालाही असावी, एवढेच म्हटले आहे.